विमानाचं पेट्रोल गाडीत टाकलं तर?

पुण्यात गाडीवेड्यांच्या गप्पांत हा विषय एकदा तरी निघतोच: विमानाचं इंधन टाकलं तर गाडी सुसाट सुटेल का?

लोहगावला उतरणाऱ्या जेट विमानांत मुळात पेट्रोल नसतं. त्यांत एटीएफ भरतात, म्हणजे रॉकेलच्या घराण्यातलं जेट ए-१. पेट्रोल गाडी त्यावर बहुधा सुरूच व्हायची नाही. डिझेल गाडी चालेलही. पण डिझेलच्या पंपाला वंगण मिळतं ते इंधनातूनच, आणि एटीएफ त्या बाबतीत कोरडं. पंप आणि इंजेक्टर झिजतात.

खरं ‘विमानाचं पेट्रोल’ म्हणजे अ‍ॅव्हगॅस. वैमानिक प्रशिक्षणाच्या छोट्या पिस्टन विमानांत वापरतात ते, निळ्या रंगाचं, १०० ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज मात्र साफ चुकीचा. कात्रजचा घाट वरच्या गिअरमध्ये रेटायला गेलं की इंजिनातून टकटक ऐकू येते ना, ते नॉकिंग. स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच दाबलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. हे न होऊ देण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. किलोमागे ऊर्जा साधारण तेवढीच. ज्या इंजिनाला नॉकिंगचा त्रासच नाही, त्याला जास्त ऑक्टेनचा काय उपयोग?

मग अडचण कुठे? शिशात. अ‍ॅव्हगॅसमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. ४० लिटरच्या टाकीत जवळजवळ २२ ग्रॅम. जळल्यावर ते धुराड्यातून जाताना धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियमवर थर धरतं आणि कन्व्हर्टर निकामी करतं. ऑक्सिजन सेन्सरही बिघडतो, आणि इंधन किती सोडायचं याचा इंजिनाच्या संगणकाचा हिशेब चुकायला लागतो. शिवाय शिसं मेंदूला घातक, लहान मुलांच्या तर फारच. म्हणून तर भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. विमानांत ते टिकलं, कारण टेकऑफला हवेवर थंड होणारं ते इंजिन पूर्ण जोरात चालतं. तिथे नॉकिंग झालं तर पिस्टनच जायचा.

आणखी एक गंमत. उंचावर उकळू नये म्हणून अ‍ॅव्हगॅस कमी बाष्पशील ठेवतात. म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे गाडी उलट कुरकुरतच सुरू होणार!

हौसच असेल तर बिनशिशाचं १०० ऑक्टेन पेट्रोल २०२० पासून पुण्यातल्या काही पंपांवर मिळतं. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर फरक पडेल तो फक्त बिलात.