क्रीडाविजेत्यांचे पुतळे, ग्रीक नगरांतील

प्राचीन ग्रीसमध्ये मोठी स्पर्धा जिंकून आलेल्या नागरिकाचा पुतळा नगराच्या अ‍ॅगोरात, म्हणजे बाजार व सभेच्या चौकात, उभारण्याची प्रथा होती. ऑलिंपियाच्या देवस्थानातही असे पुतळे असत.

प्रथेचा आरंभ वादग्रस्त आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनिअस याच्या मते ऑलिंपियातील सर्वांत जुने पुतळे लाकडी होते : इजायनाचा मुष्टियोद्धा प्राक्सिडामस (विजय इ. स. पू. ५४४) आणि ओपसचा रेक्सिबिओस (इ. स. पू. ५३६) यांचे. दुसरा अंजिराच्या लाकडाचा असल्याने अधिक झिजला होता. पण फिगालियाच्या अ‍ॅगोरातील अराकिऑनचा दगडी पुतळाही त्यानेच नोंदविला आहे : पावले जवळजवळ, हात अंगालगत खाली सोडलेले, कोरीव लेख पुसून गेलेला. इ. स. पू. ५६४ मध्ये पँक्रेशन या ठोसे-कुस्तीच्या निर्णायक लढतीत गळा आवळला जात असताना अराकिऑनने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट मोडले. प्रतिस्पर्ध्याने हार मानली, पण तोवर अराकिऑनचे प्राण गेले होते. मुकुट त्याच्या मृतदेहाला चढविण्यात आला. फिगालियाजवळ मिळालेली एक पुरातन मूर्ती हीच त्याची, असे काही अभ्यासक मानतात. ते सिद्ध झालेले नाही.

केवळ विजयाच्या वर्षावरून पुतळ्याचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. इ. स. पू. ७५६ मध्ये धावण्याची शर्यत जिंकलेल्या ओइबोटासचा ऑलिंपियातील पुतळा इ. स. पू. ४६० च्या सुमाराचा, सुमारे तीनशे वर्षांनंतरचा आहे. तथापि अराकिऑनच्या पुतळ्याची ठेवण सहाव्या शतकाशी जुळते. पॉसेनिअसचे विधान ऑलिंपियापुरतेच आहे, हे ध्यानात घेता नगरचौकातील प्रथा देवस्थानातील प्रथेहून जुनी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सर्व नगरे मात्र सारखी नव्हती. इतरांच्या अ‍ॅगोरांत क्रीडापटू दिसतात, अथेन्सच्या अ‍ॅगोरात सेनापती आणि जुलमी सत्ताधीशाचा वध करणारे, असे वक्ता लायकर्गस अभिमानाने सांगतो. उलट थासॉस बेटावर मुष्टियोद्धा थीआगेनीस (विजय इ. स. पू. ४८० व ४७६) याच्या पुतळ्याला देवासारखे बळी अर्पण करीत. आख्यायिकेनुसार एक वैरी त्या पुतळ्यावर रात्री फटके मारी. पुतळा कोसळून तो वैरी मेला, तेव्हा त्याच्या मुलांनी पुतळ्यावरच खुनाचा खटला भरला आणि तो समुद्रात बुडविला गेला. पुढे दुष्काळ पडला व डेल्फायच्या देववाणीचा कौल आला; कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला पुतळा मग पूर्वस्थानी बसविण्यात आला.

पाचव्या शतकात ब्राँझचा वापर वाढला. यांतील बहुतेक पुतळे वितळविले गेले. उरली ती मुख्यतः पावलांच्या खाचा असलेली चौथऱ्याची दगडे आणि मायरनच्या थाळीफेक्यासारख्या शिल्पांच्या रोमन संगमरवरी प्रतिकृती.