पोट लहान, पेग मोठा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांच्या मनात एक भाबडी आशा हमखास असते. पोटच एवढंसं करणार आहेत, म्हणजे दोन घोटांत भरेल. खाणं सुटेल तशी बाटलीही सुटेल. पेशंटचं गणित याच्या उलट असतं आणि तेही तितकंच चुकतं. पहिले काही आठवडे डॉक्टरांनी सगळं पातळच घ्यायला सांगितलेलं असतं, आणि वाइन तर पातळच की! शिवाय द्राक्षांची. व्हिस्कीला जो नियम तो तिला कशाला?

दोन्ही हिशेबांत पोट म्हणजे नुसती पिशवी असं धरलेलं आहे. पोट काय साठवतं यापेक्षा ते काय अडवून धरतं, हे दारूच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे. ऑपरेशनमध्ये जाते ती नेमकी ही अडवणूक.

आधी ऑपरेशनबद्दल थोडक्यात. सगळ्यात जास्त अभ्यास झालेला प्रकार म्हणजे रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास. यातलं 'रू' हे सेझार रू या स्विस सर्जनचं आडनाव. आतड्याची ही जोडणी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच दुखण्यांसाठी वापरली. वजन कमी करण्यासाठी बायपास करायची कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड मेसन यांची, १९६० च्या दशकातली. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची एक छोटी पिशवी वेगळी काढतात आणि लहान आतड्याचं पुढचं टोक वर ओढून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर आणि त्यापुढचं आतड्याचं पहिलं वळण, म्हणजे ड्युओडेनम, पोटातच राहतं. पण घास त्या वाटेनं जात नाही. दुसरा प्रकार स्लीव्ह. आपल्याकडे हाच जास्त होतो. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कापून काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात.

३० मिलिलिटर म्हणजे बरोबर एक छोटा पेग. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. दारू जठरातून फारशी शोषली जात नाही. तिचं खरं शोषण लहान आतड्यात होतं आणि ते झपाट्यानं होतं, कारण तिथलं अस्तर पातळ आहे, घड्या घड्यांचं आहे आणि त्याचं क्षेत्रफळ प्रचंड आहे. जठर आणि लहान आतडं यांच्यामध्ये पायलोरस नावाचं स्नायूंचं एक कडं असतं. ते थोडं उघडतं, थोडा ऐवज पुढे सोडतं, पुन्हा मिटतं. घन अन्न दळून अगदी बारीक झाल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. पुढे गेलेल्या अन्नात स्निग्ध पदार्थ असले तर ड्युओडेनमच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि मागे निरोप जातो, की इथे काम पडलंय, जरा दमानं पाठवा. कडं आणखी आवळतं.

बसायच्या आधी चमचाभर तूप चाटून घ्यावं, म्हणजे चढत नाही, असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक खानदानात असतो. काका निम्मे बरोबर आहेत. तुपाचा थर पोटाला आतून लिंपून बसतो आणि दारू शिरूच देत नाही, हे त्यांचं स्पष्टीकरण चूक. पण तुपामुळे दारू जठरात जास्त वेळ रेंगाळते आणि रक्तातली पातळी सावकाश चढते, हे खरं. भरपेट जेवणानंतरचा पेग आणि रिकाम्या पोटीचा पेग यांतला फरकही याच कड्यामुळे पडतो.

बायपासनंतर हे कडं वाटेत येतच नाही. ड्युओडेनमही येत नाही, म्हणजे मागे निरोप धाडणारं मुख्य ठाणंच वाटेतून उठलं. उरलेल्या पिशवीत चकणा साठवून वेळ काढावा तर जागा नाही. घोट पिशवीतून सरळ लहान आतड्यात उतरतो. स्लीव्हमध्ये पायलोरस जागेवर असतो, पण जठराचा वरचा, फुगून जागा करून देणारा भाग गेलेला असतो. त्यामुळे नळीत दाब वाढतो आणि द्रव पदार्थ लवकर पुढे ढकलले जातात.

ठीक आहे, लवकर शोषली गेली. शेवटी दारू तेवढीच ना? ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर यकृतात आहे.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतातून जातं. तिथे अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं विकर दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, दुसरं विकर त्याचं अ‍ॅसिटेट करतं. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी नावाचा एक सहायक रेणू लागतो. तो हायड्रोजन उचलतो, त्याचं एनएडीएच होतं, आणि तो हायड्रोजन कुठेतरी उतरवून मोकळा झाल्याशिवाय पुढच्या खेपेला येत नाही. पहिल्या विकराला भूक इतकी तीव्र आहे, की दारूचं प्रमाण अगदी कमी असतानाच ते पूर्ण क्षमतेनं चालू लागतं. त्यापुढे कितीही माल आला तरी वेग वाढत नाही. रसायनशास्त्रात याला शून्य कोटीची अभिक्रिया म्हणतात: उतरण्याचा वेग किती दारू उरली आहे यावर अवलंबून नाही. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये यावरच रक्तातल्या दारूच्या पातळीचं आपलं गणित बसवलं आणि न्यायवैद्यकात ते अजून चालतं. रक्तातली पातळी सर्वसाधारणपणे तासाला दर १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. माणसागणिक थोडंफार इकडेतिकडे, एवढंच. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'उतरवणाऱ्या' गोळ्या यांतल्या कशानंही हा आकडा हलत नाही.

पुणेकरांना हे पावसाळ्यात वेगळं सांगावं लागत नाही. खडकवासल्यातून तेवढंच पाणी आठवडाभर सोडलं तर मुठा ते निमूट वाहून नेते. तेच काही तासांत सोडलं की भिडे पूल पाण्याखाली. नदीचं पात्र तेच, पाणी तेवढंच, बदलला तो विसर्ग.

आकड्यांत मांडतो. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये म्हणजे सुमारे २५.७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात २० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाचं यकृत तासाला सातेक ग्रॅम निकालात काढतं. हे २० ग्रॅम दोन तासांत ठिबकत आले, तर बरीचशी दारू रक्तात चढण्याआधीच किंवा चढता चढताच मोडली जाते. दहा मिनिटांत आले, तर पहिल्या फेरीत यकृताच्या हाती जवळपास काहीच लागत नाही. सगळा लोंढा पुढे मेंदूकडे. थोडी दारू जठराच्या अस्तरातही मोडते. तो वाटा किती मोठा यावर संशोधकांत वाद आहे, पण कितीही असला तरी बायपासनंतर तोही बुडाला.

हे मोजलेलं आहे. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायपास झालेल्या स्त्रियांमध्ये दारूची पातळी दहा मिनिटांत शिखराला पोहोचली, इतर स्त्रियांना अर्धा तास लागला. स्टॅनफर्डच्या गटानं २०११ मध्ये त्याच माणसांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एकेक पेला, सुमारे दीडशे मिलिलिटर, रेड वाइन पाजली. आधी सर्वोच्च पातळी १०० मिलिलिटरमागे सरासरी २४ मिलिग्रॅम आली, तीन महिन्यांनी ५९, सहा महिन्यांनी ८८. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे तोच माणूस, तोच पेला; आधी नियमात आणि नंतर मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. (यात घटलेल्या वजनाचाही हात आहे. दारू चरबीत फारशी शिरत नाही, शरीरातल्या पाण्यात पसरते. पण वजन उतरताना थोडं पाणी आणि स्नायूही जातातच.) सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की बायपासनंतर दोन ड्रिंक चारांसारखी लागतात. शिखर गाठायला त्यांच्या पेशंटना जेमतेम पाच मिनिटं लागली.

या पाच मिनिटांनी एक गंमत केली. स्लीव्हनंतर दारू जास्त चढते की नाही, यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते. त्यांतल्या काही अभ्यासांत पोलिस वापरतात तसली श्वास-चाचणी वापरली होती. तिच्यात एक अट असते: तोंडात राहिलेल्या दारूमुळे आकडा फुगू नये म्हणून पिऊन झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. इथे तर शिखर पाचव्या मिनिटाला येऊन ओसरायलाही लागलेलं. यंत्राच्या नळीत फुंकेपर्यंत जे मोजायचं तेच निघून गेलेलं असायचं. त्याच सेंट लुइसच्या गटानं मग थेट रक्त काढून मोजलं, तेव्हा स्लीव्हवाल्यांचा आलेखही बायपासवाल्यांसारखाच उभा चढलेला दिसला. 'संशोधनात काही आढळलं नाही' असं वाचलं की कशानं आणि कधी मोजलं, हे मी तेव्हापासून आधी बघतो.

वेगाचा आणखी एक परिणाम आहे. पदार्थ मेंदूत जितका झटकन पोहोचतो तितकी त्याची सवय लागण्याची शक्यता जास्त. सिगारेटचं व्यसन निकोटीनच्या च्युइंगगमपेक्षा घट्ट असतं ते त्यामुळेही. अमेरिकेत दहा रुग्णालयांतल्या पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी काहीच वावगं दिसलं नाही. मद्यविकाराचं प्रमाण दुसऱ्या वर्षी वाढलं. पाच वर्षांच्या आकड्यांत बायपास झालेल्यांपैकी २०.८ टक्क्यांमध्ये मद्यविकाराची नवी लक्षणं आढळली. जठर न कापता वरच्या भागाला नुसता आवळणारा पट्टा बसवलेल्यांमध्ये ११.३ टक्के. पाचातल्या चौघांना काही झालं नाही, हेही याच आकड्यात आहे.

समाजमाध्यमांवर याचं एक चटपटीत स्पष्टीकरण फिरतं: जेवणाचं व्यसन सुटलं, मन रिकामं झालं, मग ते बाटलीकडे वळलं. मला ते पटत नाही. खाणं पट्टावाल्यांचंही सुटतंच, मग त्यांच्यात प्रमाण निम्मं का? आणि उंदरांचं काय? बायपास केलेले उंदीरही जास्त दारू घेतात. प्रयोगात दारू आतडं टाळून थेट शिरेत सोडली तरी ती मिळवायला ते जास्त झटतात. म्हणजे शोषणाच्या वेगापलीकडे, आतड्याकडून मेंदूला जाणाऱ्या संप्रेरकांच्या निरोपांतही काही बदललेलं असावं. उंदराला मनाची पोकळी भरायची नसते.

डॉक्टर कमीत कमी सहा महिने, बरेचजण वर्षभर थेंबही नको म्हणतात. ज्यांना आधीच पिण्याचा त्रास होता त्यांना कायमचं बंद करायला सांगतात. शिवलेल्या जागी व्रण होऊ शकतो, ग्रॅममागे सात कॅलरी फुकट पोटात जातात, ही कारणं ऐकायला मिळतातच. दोन कारणांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

पहिलं बी-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशननंतर खाणं मोजकं, त्यात उलट्या सुरू झाल्या तर तो संपायला वेळ लागत नाही, आणि दारू त्याचं शोषण आणखी बिघडवते. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. वेर्निके एन्सेफलोपॅथी म्हणतात ती ही. बाहेरचं काहीतरी लागलं असेल म्हणून उतारा काढत बसण्यात गेलेला प्रत्येक दिवस मेंदूच्या कायमच्या नुकसानीचा असू शकतो. आपल्याकडे अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात सलाइन लावून घ्यायची हौस दांडगी. त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि आधी थायमिन दिलेलं नसेल, तर ते ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि अवस्था आणखी बिघडते. त्यामुळे 'आमचं अमुक ऑपरेशन झालंय' हे वाक्य सुई टोचायच्या आधी बोललं गेलं पाहिजे.

दुसरं कारण साखरेचं, आणि त्यासाठी पुन्हा एनएडीकडे यावं लागतं. दारू मोडताना यकृतात एनएडीएचचा ढीग साचला की यकृताची नवी साखर तयार करण्याची वाट अडते, कारण त्या वाटेवरचा कच्चा माल भलतीकडे, लॅक्टेटकडे वळतो. बायपासनंतर काहीजणांची साखर जेवणानंतर दीड-दोन तासांनी तशीही घसरते. दोन्ही एकत्र आलं की घाम, थरथर, बोबडी, असंबद्ध बोलणं. तोंडाला वास येत असतो, म्हणून सगळ्यांचं मत पडतं, 'जास्त झाली, झोपू दे त्याला.' झोपवण्याआधी ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब घ्यायला हवा. आकडा काही सेकंदांत येतो, आणि तो ७० च्या खाली असला व माणसाला नीट गिळता येत असलं तर साखरपाणी देऊन, गिळता येत नसलं तर तोंडात काहीही न घालता, त्याला उचलून रुग्णालयात न्यायचं.