धुऱ्यापाशी संपणारे रस्ते

विदर्भातल्या तालुक्याच्या गावाबाहेर निघालं की कपाशीच्या वावरात एकाएकी सिमेंटचे खांब, मुरूम टाकलेले रस्ते आणि 'प्लॉट विकणे आहे' असा फलक दिसतो. एक वावर विकलं की एक ले-आउट, म्हणून आतले रस्तेही त्या वावराच्या धुऱ्यापाशीच, म्हणजे बांधापाशीच, संपतात. पुढे शेजारच्या वावरातही ले-आउट पडतो, पण त्याचं तोंड दुसऱ्याच पांदणीकडे. मग समोर १०० मीटरवर दिसणाऱ्या घरी जायला ८०० मीटरचा फेरा.

या फेऱ्याचं माप सोपं आहे: रस्त्यानं पडणारं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. इथे ते ८ येतं. दुसरं माप चौकांचं: एका ठिकाणी सरासरी किती रस्ते मिळतात. चौरस्त्याला ४ रस्ते मिळतात, तिठ्याला ३, बंद गल्लीच्या टोकाला १. रस्त्यांचं जाळं झाडासारखं नुसतं फांद्या फोडत गेलं, तर ही सरासरी २ च्या खालीच राहते, फांद्या कितीही वाढोत. अशा जाळ्यात कुठल्याही दोन घरांमध्ये वाट एकच. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला की पलीकडची वस्ती तुटलीच.

जुनं गावठाण या परीक्षेत बरेचदा सरस ठरतं. गल्लीतून बैलगाडी जेमतेम निघेल, पण एक गल्ली अडली तर दुसरी असते. रुंदी वेगळी, जोडणी वेगळी. आपण पुढाऱ्यांकडे मागतो ती मात्र रुंदी आणि सिमेंट.

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरून जगभरचे रस्ते असे मोजले. २०२० साली त्यांनी दाखवलं, की १९७५ नंतरच्या वाढीत जगात नवे रस्ते एकमेकांपासून अधिकाधिक तुटत गेले. अमेरिकेत मात्र १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर हा कल उलटला.

घर पाडून नवं बांधता येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट विकले गेले, की तो हलवणं जवळपास अशक्य. न्यूयॉर्कनं १८११ मध्ये मॅनहॅटनच्या शेतांवर, धुरे न जुमानता, रस्त्यांची चौकट आधी आखली आणि घरं नंतर आली. आपल्याकडे विकास आराखड्यातला 'डीपी रोड' याच कामासाठी असतो, पण बहुतेक वेळा ले-आउट त्याच्या आधी पोचतो. तेव्हाही धुऱ्यालगतचा एक प्लॉट न विकता मोकळा ठेवला, तरी पुढचा रस्ता जोडता येतो.