सेटलमेंट

सेटलमेंट : मूळ इंग्रजी शब्द. मराठीत वसाहत, महसूल-आकारणी, तडजोड, देण्याघेण्याचा निकाल, बांधकामाचे खचणे अशा अर्थांनी रूढ. सोलापुरात मात्र तो आधी एका वस्तीचे नाव आहे. ‘सेटलमेंटला सोडा’ म्हटले की रिक्षावाला फार तर ‘कॉलनी किती नंबर?’ एवढेच विचारतो.

यांतील महसुली अर्थ जुना. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची जमीन-पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास सोलापूरलगतच्या इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. तीच पुढे या भागातही आली. आकार (जमिनीवरील सारा) तीस वर्षांसाठी ठरे. मातीचा रंग, पोत व खोली पाहून जमिनीची प्रत लावत. पावणेदोन हात खोल, उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण प्रतीची. खोली घटेल तसे आणे उतरत. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे असा एकेक दोष आढळला की प्रत एकेका पायरीने खाली येई. (पीक-आणेवारीशी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजाशी, याची गल्लत करू नये.) सर्व्हे नंबर व सातबाऱ्यावरील आकार हे त्याच व्यवस्थेचे अवशेष होत.

वस्तीचा अर्थ काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजकालीन गुन्हेगार जमाती कायद्यातून आला. १८७१ चा मूळ कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला तो १९११ च्या सुधारित कायद्याने. त्यानंतर सोलापुरात तारेच्या कुंपणाआड कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट इ. जमातींची कुटुंबे ठेवण्यात आली. हजेरी सक्तीची; बाहेर जायचे तर परवाना लागे. शहरातील कापडगिरण्यांना येथून मजूर मिळत. सुधारणा व मजूरपुरवठा यांतला प्रधान हेतू कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. गिरण्यांची गरज पाहता दुसरा अगदीच दुय्यम नसावा. चांगल्या वर्तणुकीबद्दल कुंपणाबाहेर राहू दिलेल्यांच्या वसाहती त्या ‘फ्री कॉलनी’. आजचे पत्ते याच नावाने व क्रमांकाने चालतात.

मुंबई इलाख्यात हा कायदा १९४९ मध्ये, तर देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडली, असे सांगतात. हा प्रसंग काही लेखक १९५२ चा, तर काही १९६० चा मानतात. पहिले साल कायदा रद्द होण्याच्या तारखेशी मागाहून जुळवले गेले असावे. दुसरे अधिक संभाव्य वाटते.

उरलेले अर्थ सर्वपरिचित आहेत. थकीत कर्जदार बँकेशी ‘वन टाइम सेटलमेंट’ करतो, विमा कंपनी दावा ‘सेटल’ करते, नोकरी लागून लग्न झाले की मुलगा ‘सेटल’ होतो. स्थापत्यात पायाखालची जमीन दबून बांधकाम खाली बसणे म्हणजे सेटलमेंट. काळ्या मातीत फुगणे-आकसणेही असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून पाया मुरमापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. सोळा आण्यांची जमीन बांधकामाला अशी अडचणीची ठरते.