ऑर्क नेमके आले कुठून?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनगटात दोन मुलं परवा हमरीतुमरीवर आली, इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या कल्पित जगातल्या ऑर्कांवरून, म्हणजे दुष्टाच्या फौजेतल्या राक्षसी जिवांवरून. मुलगा म्हणत होता, ऑर्क म्हणजे छळून बिघडवलेले एल्फ, त्या जगातले अमर, सुंदर लोक. मुलगी म्हणत होती, छे, ती मुळात माणसंच. वाद टॉल्किन यांच्याच लिखाणावरून पेटला होता आणि दोघंही खरं बोलत होती.

१९१६-१७ च्या सुमारास टॉल्किन यांनी या कथा लिहायला घेतल्या तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मेल्कोने, म्हणजे त्या जगातल्या आद्य दुष्ट शक्तीने, जमिनीखालच्या धगीतून आणि चिखलातून ऑर्क घडवले, एवढंच. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) लिहीपर्यंत मात्र त्यांची कॅथलिक श्रद्धा आडवी आली. जीव निर्माण करणं ईश्वराचं काम. दुष्टाला नक्कल तेवढी जमते, असं त्या कादंबरीचा नायक फ्रोडोच आपल्या सोबत्याला, सॅमला सांगतो. मग ऑर्क बनवले कशातून? एल्फांतून, हे उत्तर पुढे आलं. पण एल्फ तर अमर. बिघडवलेल्या एल्फाच्या आत्म्याचं काय? ऑर्कला सुटकेची वाट आहे का? अखेरच्या वर्षांत टॉल्किन याच्याशी झुंजत राहिले: कधी माणसं, कधी बोलायला शिकवलेली जनावरं. आपल्याच राक्षसांच्या आत्म्याची एवढी काळजी वाहणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

बाल्रोगांचंही, म्हणजे मेल्कोच्या अग्निराक्षसांचंही, तेच. गोंडोलिन या एल्फांच्या नगरीवरच्या हल्ल्याच्या जुन्या कथेत ते झुंडीने येतात, एकटा तुओर हा वीर पाच मारतो. पुढे एका खर्ड्याच्या समासात टीप पडली: तीन, फार तर सात. जुनी लढाई त्या टिपेत बसतच नाही.

टॉल्किन १९७३ मध्ये गेले. मुलगा ख्रिस्तोफर याने वडिलांच्या या कथांचं 'सिल्मरिलियन' हे पुस्तक १९७७ मध्ये काढलं, त्यात ऑर्क एल्फांतून झाले हाच पाठ ठेवला. मग १९८३ ते १९९६ दरम्यान बारा खंडांत वडिलांचे खर्डेच वाचकांपुढे मांडले.

आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, काढली (१९६०-७५), तेव्हा शोध होता शक्य तितक्या जुन्या पाठाचा. इथे जुना पाठ लेखकानेच टाकलेला आणि नवा अर्धवट राहिलेला.

वाचनगटातल्या मुलाकडे १९७७ चं पुस्तक होतं, मुलीकडे त्या बारा खंडांतला १९९३ चा दहावा. दोघांनाही मी आपापल्या पुराव्यापुढे पेन्सिलीने साल लिहायला लावलं.