किडनीच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी: पहिल्या डोसआधी कोणते कागद तयार हवेत

मुख्यमंत्री सहायता निधीतून आधी झालेला खर्च परत मिळत नाही. म्हणून उसनंपासनं करून पहिला डोस घेऊ आणि मग अर्ज टाकू, असं करू नका.

किडनीचा कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडात पसरला की बऱ्याच रुग्णांना निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब सलाईनमधून देतात, जोडीला इपिलिमुमॅब (हेही सलाईनमधूनच) किंवा अ‍ॅक्सिटिनिबसारखी गोळी. कॅन्सरच्या पेशींनी थोपवून धरलेल्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशींना ही सलाईनमधली औषधं मोकळं करतात. ही केमो नव्हे. नेहमीची केमो या कॅन्सरवर फारशी चालतही नाही. तरी खर्चाच्या अंदाजपत्रकावर सवयीने ‘केमोथेरपी’ एवढंच लिहून मिळतं. तिथे अडून बसा. औषधाचं नाव, एका डोसची मात्रा, किती आठवड्यांनी, किती डोस आणि प्रत्येकाची किंमत असं सगळं लिहून घ्या. पेम्ब्रोलिझुमॅब ३ आठवड्यांनी २०० किंवा ६ आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम देतात आणि उपचार दोन वर्षांपर्यंत चालू शकतो, म्हणजे एका डोसचं अंदाजपत्रक अपुरं. सोबत बायोप्सीचा किंवा काढलेल्या किडनीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ताजा सीटी स्कॅन जोडा.

आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं दार ठोठवा. पूर्वी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून योजनेत यावं लागे. आता पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना ती लागू आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. ‘कॅन्सर योजनेत बसतो का’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. चिठ्ठीवरच्या याच औषधाला पॅकेज आहे का, ते विचारा. असेल तर पूर्वमंजुरी आल्यावरच डोस. नसेल तर तसं लेखी मागा, पुढच्या अर्जाला कामी येतं.

मुख्यमंत्री निधीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १.६० लाखांच्या आत हवं आणि तहसीलदारांचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा. सगळ्यात जास्त अर्ज इथेच रखडतात, असं माझं मत. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज होतो, पण तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल आधी लागतो आणि तलाठी सज्जावर सापडणं हे वेगळंच काम! मार्चमध्ये काढलेला दाखला १ एप्रिलनंतर जुना होतो, हेही ध्यानात ठेवा. बाकी विहित अर्ज, आधार, रेशनकार्ड, अंदाजपत्रक, रिपोर्ट आणि रुग्णालयात दाखल रुग्णाचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का लागतो. अर्जासाठी मुंबईला जायची गरज उरलेली नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे. अर्ज विनामूल्य आहे. ‘साहेबांकडून करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे नको.

मात्र या औषधाच्या एका डोसलाच लाखाच्या वर जाऊ शकतात, तेव्हा एकट्या या निधीवर विसंबू नका. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्जही उपचाराआधीच करायचा असतो. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० आणि ३.६० लाख. औषध कंपन्यांच्या मदत योजनाही असतात, काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत अशा. त्याची नोंदणी डॉक्टरांमार्फतच होते, म्हणून पहिली बाटली घेण्याआधी विचारा.

रुग्णालय कोणतं, ते अर्जाआधीच ठरवा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. धाराशिव, लातूरकडचे बरेच जण बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जातात. मुख्यमंत्री निधीची मंजूर रक्कम रुग्णाच्या हातात न येता अर्जात लिहिलेल्या रुग्णालयाच्या खात्यात जाते. अर्ज टाकून मध्येच रुग्णालय बदललं तर अंदाजपत्रकापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.