डबिंग ओठांवरून नाही, खोलीवरून कळतं

मालिका बघताना घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हे डब केलेलं वाटतंय.’ मग सगळ्यांच्या नजरा पात्रांच्या ओठांवर खिळतात. पण हल्ली ओठ बहुतेक वेळा नीट जुळलेले असतात. उरलीसुरली मागेपुढे सॉफ्टवेअर सावरून घेतं. तरी कानाला खटकतं, कारण चित्रातला माणूस दगडी वाड्याच्या ओसरीवर उभा असतो आणि त्याचा आवाज मात्र फोम लावलेल्या डबिंगच्या खोलीतून येतो. त्या आवाजात वाडाच नसतो.

सेटवरच रेकॉर्ड केलं तरी हा प्रश्न सुटत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंग चालतात. तिथला वाडा प्लायचा, वर छताऐवजी टांगलेले लाइट. पातळ प्लाय स्वतः थरथरतं आणि आवाजातला खर्ज गिळून टाकतं. दगड तोच खर्ज जवळजवळ पूर्ण परत फेकतो. डोळ्याला दगड दिसतो, कानाला प्लाय ऐकू येतं. म्हणून वाडा आवाजात नंतर घालावा लागतो. तो कसा घालतात, हे माझ्या मते साउंडच्या कामातलं सगळ्यात सुंदर गणित आहे.

‘त्यात काय, इको टाकायचा!’ हा गैरसमज आपल्याकडे मंडपातल्या मिक्सरने पक्का केलाय. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला अडथळा किमान १७ मीटर लांब हवा, हे आपण शाळेत शिकलो. राहत्या खोलीत एवढं अंतर नसतंच. तिथे आधी थेट आवाज पोचतो, मागोमाग जमीन, भिंती, छत यांवरून परतलेला, मग दोनदा आपटलेला, तीनदा आपटलेला, आणि काही क्षणांत हजारो परावर्तनांची दाटी होते. पहिल्या साधारण ३० मिलिसेकंदांत आलेली परावर्तनं मेंदू वेगळी मोजत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. पण त्यावरून भिंत किती लांब आहे आणि कशाची आहे, याचा अंदाज बांधतो. परावर्तनांच्या या सगळ्या दाटीला पुस्तकात निनाद म्हणतात, स्टुडिओत रिव्हर्ब.

निनादाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नाही, म्हणून त्यांना तिथे कामाला लावलं. हाताशी ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच. रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, मांडायच्या, आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत न्यायच्या. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: निनादाचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. काळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद.

नुकता ताबा मिळालेला एखादा फ्लॅट घ्या. हॉल ४ मीटर × ३ मीटर, उंची २.८ मीटर. घनफळ ३३.६ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ६३ चौरस मीटरच्या आसपास. लादी, प्लास्टर आणि काच मिळून पडलेल्या आवाजातला चारेक टक्केच शोषतात असं धरलं, तर निनाद दोन सेकंदांच्या वर जातो. बोलक्या नाटकांच्या नाट्यगृहात तो सेकंदाच्या आसपास ठेवतात! मोठी जागा घुमते आणि लहान घुमत नाही, ही समजूत इथेच कोलमडते. सोफा, पडदे, गाद्या आणि चार माणसं आली, की त्याच हॉलचा निनाद अर्ध्या सेकंदावर येतो.

गाभाऱ्यात ओंकार म्हटला की अंगात ऊर्जा उतरते, असे फॉरवर्ड फिरत असतात. तिथे भरून आल्यासारखं वाटतं हे खरंच आहे, पण कारण भिंतींत आहे. समोरासमोरच्या दोन दगडी भिंतींत अडीच मीटर अंतर असेल, तर ६९ आणि १३७ हर्ट्झला स्थिर तरंग तयार होतात, म्हणजे तेवढेच सूर भिंतींमध्ये येऊन-जाऊन स्वतःवरच चढतात आणि मोठे ऐकू येतात, आणि १३७ हर्ट्झ हा पुरुषाच्या आवाजाच्या पट्टीतला सूर आहे. दीड मीटर रुंद, टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये हेच ११४ हर्ट्झला घडतं. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. भौतिकशास्त्राच्या नावाने ‘कंपनांनी आजार बरे होतात’ असं विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नये.

आता मूळ मुद्दा. खोलीत एक टाळी वाजवली आणि तिच्यामागे घरंगळत विझणारं शेपूट रेकॉर्ड केलं, तर त्या एका रेकॉर्डिंगमध्ये त्या जागेची सगळी परावर्तनं येतात. याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. सिनेमाच्या डिजिटल आवाजात सेकंदाला ४८,००० आकडे असतात. यातला प्रत्येक आकडा म्हणजे कमीअधिक जोराची एक इवलीशी टाळी. प्रत्येक टाळी आपलं स्वतंत्र शेपूट घेऊन येते आणि ती सगळी शेपटं, एकेका पावलाने मागे सरकवून, एकमेकांत मिळवायची. या क्रियेचं नाव कन्व्होल्यूशन.

शाळेतला उभा गुणाकार आठवा, फक्त हातचा घ्यायचा नाही. आवाजाचे दोनच आकडे आहेत असं समजू: ४ आणि २. टाळीचं शेपूट ३, २, १ असं उतरतं. पहिल्या आकड्याचं शेपूट १२, ८, ४. दुसऱ्याचं ६, ४, २, पण एक घर उशिरा. बेरीज केली की १२, १४, ८, २. हातचे पुढे चढवले तर हेच १३,४८२ होतात, आणि ४२ गुणिले ३२१ तेवढेच! बोलणं दोन घरांतच संपलं होतं, आवाज चार घरं टिकला. ती वाढलेली दोन घरं म्हणजे खोली.

दोन सेकंदांच्या शेपटात ९६,००० आकडे असतात. म्हणजे एका सेकंदाच्या संवादाला सुमारे ४६१ कोटी गुणाकार. ही अडचण कूली आणि ट्युकी यांच्या १९६५ च्या फास्ट फूरिअर ट्रान्सफॉर्मने सुटते. आवाज आणि टाळी दोन्ही आधी सुरांमध्ये, म्हणजे वारंवारितांमध्ये फोडायचे. तिथे सरकवा-सरकवी लागत नाही, प्रत्येक सुराचा साधा गुणाकार पुरतो. पण त्यासाठी आवाजाचा मोठा तुकडा जमेपर्यंत थांबावं लागतं आणि आवाज मागे पडतो. १९९५ मध्ये विल्यम गार्डनर यांनी शेपटाचे सुरुवातीला लहान आणि पुढे मोठे तुकडे पाडून हा उशीरही घालवला.

टाळी खर्जात दुबळी असते, म्हणून गंभीर मोजणीत ती वापरत नाहीत. इटलीच्या अँजेलो फरिना यांनी २००० साली मांडलेली पद्धत अशी: स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा, प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ देत, आणि नंतर गणिताने त्याची टाळी करायची. स्पीकर १०० हर्ट्झ वाजवताना दोष म्हणून थोडा २०० हर्ट्झही सोडतो. पण चढता सूर २०० ला ठरावीक वेळाने पोचणारच असतो. त्याआधी आलेला २०० उलट्या हिशेबात खऱ्या शेपटाच्या अलीकडे, वेगळा उमटतो. तेवढा कापून टाकला की खोली उरते, स्पीकरचा दोष जातो. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

या टाळीला एक मर्यादा आहे: ती एका जागी वाजली आणि एका जागी ऐकली गेली. सिनेमात कॅमेरा कुठे आहे ते ठरलेलं असतं, त्यामुळे चालून जातं. गेममध्ये खेळणारा दार उघडतो, कोपऱ्यामागे लपतो, आणि दर पावलाला शेपूट बदलतं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये निकुंज रघुवंशी आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं आहे: गेमच्या नकाशात ध्वनिलहरी कशा पसरतील याचं गणित आधीच करून ठेवायचं आणि खेळताना त्यातले मोजके आकडेच वापरायचे.

घरी करून बघायचं असेल, तर सोसायटीचं तळमजल्याचं पार्किंग उत्तम. रात्री पंप बंद असताना फुगा फोडा आणि फोन आठ-दहा पावलांवर ठेवा. फोनचं नेहमीचं रेकॉर्डर शक्यतो नको. बरेच फोन बोलण्यामागचा आवाज आपोआप दाबतात, आणि आपल्याला हवं असलेलं शेपूट त्यातच जातं. प्रक्रिया न करता रेकॉर्ड करणारं ॲप घ्या. रीपर या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरसोबत कन्व्होल्यूशनचं प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) येतं, त्यात ती फाइल टाका. संवाद मात्र डोक्यावर गोधडी घेऊन बोला, नाहीतर बेडरूमचा निनाद आणि पार्किंगचा निनाद एकावर एक चढतात आणि आवाज कुठल्याच जागेचा वाटत नाही.